ज्याला गिटार वाजवता यायची नाही, त्याच्या ॲम्पचा आवाज आज तुमच्या हातातल्या डब्यात आहे

तुमच्या घरात किंवा मित्रांमध्ये कुणी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असेल, तर हा सीन ओळखीचा असेल.

गडी पैसे साठवून डिजिटल ॲम्प मॉडेलर घेतो. हातात मावणारा डबा आणि त्यात म्हणे जगातले पन्नास-साठ गाजलेले ॲम्प. पहिल्याच रात्री हेडफोन लावून तो एकेक प्रीसेट फिरवत बसतो. यूएस अमुक, ब्रिट तमुक, ट्वीड, ब्लॅकफेस. गेन वाढवतो, ट्रेबल वाढवतो, वरून रिव्हर्ब ओततो. दोन तासांनी निष्कर्ष निघतो की सगळ्यांचा आवाज सारखाच येतोय, बरणीत माशी अडकल्यासारखा. मग तो डबा विकायला निघतो आणि त्याहून महाग डब्याचा शोध सुरू होतो.

मी पण यातून गेलोय. कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेल्या डब्यावर मी ट्वीड नावाचा प्रीसेट कित्येक महिने वापरला आणि ट्वीड म्हणजे एखादा इफेक्ट असावा असंच समजत होतो. नंतर कळलं की ट्वीड हे कापडाचं नाव आहे. ज्या ॲम्पची ती नक्कल होती, त्याच्या लाकडी पेटीवर १९५० च्या दशकात सुटकेसला लावतात तसलं पिवळसर कापड चिकटवलेलं असायचं. आणि ब्लॅकफेस म्हणजे त्याच कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या ॲम्पची पुढची काळी पट्टी.

या दोन्ही पेट्या बनवणारा माणूस एकच, लिओ फेंडर. त्याला गिटार वाजवता यायची नाही. इतकंच काय, सुरात लावताही यायची नाही.

पण त्याची गोष्ट माहिती असेल तर मॉडेलरवरची बरीचशी बटणं कशासाठी आहेत हे आपोआप समजतं. कारण ती कुणाच्या तरी तक्रारीतून आलेली आहेत.

तर सुरुवातीपासून सांगतो.

क्लॅरन्स लिओनिडास फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ ॲनाहाइम आणि फुलर्टन ही गावं आहेत. आज तिथे डिस्नेलँड आहे, तेव्हा संत्र्याच्या बागा होत्या. आपल्याकडचं वरुड-मोर्शी डोळ्यासमोर आणा. लिओच्या आईवडिलांची तिथेच बाग होती.

आठव्या वर्षी त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि जागी काचेचा डोळा बसवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरती झाली तेव्हा याच डोळ्यामुळे त्याला घेतलं नाही. बरोबरीची पोरं युद्धावर गेली आणि हा आपल्या दुकानात सोल्डरिंग करत राहिला. त्या काचेच्या डोळ्याने इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास किती बदलला याचा हिशोब मांडणं अवघड आहे, पण बदलला असणार.

चौदाव्या वर्षी एका नातेवाईकाने त्याला एक खोकं पाठवलं. त्यांचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं आणि खोक्यात टाकून दिलेले रेडिओचे पार्ट आणि एक बॅटरी होती. पुढच्या वर्षी लिओ त्यांच्या सांता मारिया गावच्या दुकानात गेला. त्यांनी जुन्या पार्टमधून एक रेडिओ जुळवून दुकानासमोर मांडला होता आणि त्याच्या स्पीकरमधून मोठ्याने संगीत वाजत होतं. पोरगा तिथेच अडकला. पोरं त्या वयात गाणं ऐकून गाण्याच्या प्रेमात पडतात, हा स्पीकरच्या प्रेमात पडला.

आता तुम्ही म्हणाल, मग याने इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं असेल. नाही. लिओ शिकला अकाउंटिंग. लहानपणी पियानो आणि सॅक्सोफोनवर हात मारून झाला होता, पण संगीतात करिअर वगैरे विषय नव्हता. १९२८ मध्ये शाळा संपली, फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात हिशेब शिकला आणि एका बर्फाच्या कंपनीत आधी माल पोचवणारा आणि नंतर हिशेबनीस झाला. रेडिओची खुडबुड मात्र चालूच. एका बँडवाल्याने त्याला नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरचे सेट बनवायला सांगितले, तेही त्याने बनवून दिले.

१९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. राज्याच्या हायवे खात्यात अकाउंटंटची नोकरी लागली. पण हा जागतिक मंदीचा काळ. ती नोकरी गेली. मग एका टायर कंपनीत हिशेब लिहायला लागला, तीही गेली. एका डोळ्याचा, नोकरी गेलेला, तिशीला टेकलेला अकाउंटंट. १९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर उसने घेतले, फुलर्टनला परत आला आणि दुकान टाकलं. फेंडर रेडिओ सर्व्हिस.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तालुक्याच्या प्रत्येक गावात असं एखादं दुकान असायचंच. टेबलावर पाठी उघडलेले रेडिओ आणि कथलाच्या धुराचा वास. फरक एवढाच की लिओच्या दुकानात वादकसुद्धा आपले ॲम्प आणि लाउडस्पीकर दुरुस्तीला आणायचे. त्यामुळे कुठलं सर्किट कुठे जळतं, कुठला जोड आधी सुटतो हे त्याला पाठ झालं. कारखानदाराला आपला माल विकला गेल्याशी मतलब असतो, दुरुस्ती करणाऱ्याला तो बंद का पडतो याच्याशी. लिओ दुरुस्तीवाला होता आणि करोडपती झाल्यावरही दुरुस्तीवालाच राहिला.

इथे त्याला डॉक कॉफमन भेटला. हा वादकही होता आणि कारागीरही. दोघांनी मिळून के अँड एफ नावाची छोटी कंपनी काढली आणि मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारी आणि त्यांच्यासोबत ॲम्प बनवायला लागले. जुन्या हिंदी गाण्यांत घसरत जाणाऱ्या सुरांची जी गिटार ऐकू येते, त्याच जातीचं वाद्य. अमेरिकेत तेव्हा तिची क्रेझ होती. लिओला धंदा मोठा करायचा होता, डॉकला कर्जाची भीती वाटत होती. १९४६ मध्ये डॉक बाहेर पडला आणि कंपनी फक्त फेंडरच्या नावाची झाली. डॉकला दोष देण्यात अर्थ नाही. मंदी पाहिलेला कुणीही शहाणा माणूस तेच करेल. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

आता ॲम्पकडे येऊ, कारण आपला विषय तो आहे.

१९४० च्या दशकात लिओचं गिऱ्हाईक म्हणजे कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारे बँड. मोठा हॉल, नाचणारी गर्दी, ढोलताशा नसला तरी ड्रम आणि ब्रास वाद्यांचा दणका. गिटारवाल्याला फक्त एवढंच हवं असायचं की आपलं वाजवलेलं मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावं. लिओला स्वतःला कंट्री आणि हवाईयन संगीत आवडायचं आणि आवाज स्वच्छ हवा असायचा. ट्यूब बनवणाऱ्या कंपन्या नमुन्याची सर्किट छापायच्या, त्यातून त्याने सुरुवात केली आणि मग वर्षानुवर्षं एकेक पार्ट बदलत गेला.

आता यातली एक गोष्ट मॉडेलरवाल्यांनी नीट समजून घ्यावी. लिओच्या त्या ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम नव्हता. बटण एकच, व्हॉल्यूम. ते वाढवलं की आवाज मोठा व्हायचा, आणि एका टप्प्यानंतर ट्यूबची ताकद संपून आवाज फाटायला लागायचा. आज ज्याला आपण ओव्हरड्राइव्ह म्हणून पैसे मोजतो, तो लिओच्या दृष्टीने दोष होता.

त्यामुळे मॉडेलरवर ट्वीड किंवा ब्लॅकफेस ॲम्प निवडला की त्यावरचं व्हॉल्यूम हे आवाज लहान-मोठा करायचं बटण समजू नका. तोच गेन आहे. खोलीत आवाज जास्त होतोय म्हणून बहुतेक जण ते २ वर आणतात आणि मग टोन मेलेला वाटतो. ते ५-६ वर न्या आणि आवाज कमी करायचा असेल तर मॉडेलरचं शेवटचं आउटपुट किंवा चॅनल लेव्हल कमी करा. खऱ्या ॲम्पवर हे करायची सोय नव्हती, शेजारी पोलीस बोलावतील. डब्याचा खरा फायदा इथे आहे.

मग हळूच गिटारवरचं व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. आवाज साफ होईल. परत वाढवा, फाटेल. एकाच प्रीसेटमध्ये दोन टोन. त्या काळचे वादक असंच वाजवायचे, पायाखाली पेडलची रांग नव्हती.

गिटारीकडे लिओ वळला तोही असाच, तक्रारीवरून. पोकळ गिटारीला पिकअप लावून ॲम्प वाढवला की ती कोकलायला लागायची, ज्याला आपण फीडबॅक म्हणतो. लिओने पोकळी काढूनच टाकली. सरळ लाकडाची फळी, वर बोल्टने बसवलेली मान. मान खराब झाली? चार स्क्रू काढा, दुसरी लावा. गिटार कारागिरांच्या दृष्टीने हा अधर्म होता. इतर कंपन्यांनी चिक्कार खिल्ली उडवली.

१९५० मध्ये ही गिटार आधी एस्क्वायर आणि मग दोन पिकअपसह ब्रॉडकास्टर नावाने आली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच होतं, त्यांनी हरकत घेतली. लिओकडे नावाचे छापील स्टिकर पडून होते. वाया कशाला घालवायचे म्हणून कामगारांनी त्यातला ब्रॉडकास्टर शब्द कापून फक्त फेंडर लावलं. हिशेबनीसच तो. बिननावाच्या त्या गिटारींना आज संग्राहक नोकास्टर म्हणतात आणि वेड्यासारखे पैसे मोजतात. १९५१ मध्ये नवीन नाव ठरलं, टेलिकास्टर. टीव्ही नुकता घराघरात येत होता, त्यावरून.

त्याच वर्षी त्याने प्रिसिजन बेस आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. गाडीच्या टपावर बांधून न्यायचा आणि हॉलमध्ये कुणाला ऐकू यायचा नाही. लिओने तो गिटारीसारखा गळ्यात अडकवला आणि मानेवर पट्ट्या दिल्या, म्हणजे सूर अचूक लागेल. म्हणून नाव प्रिसिजन. माझ्या मते टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टरपेक्षा संगीतावर मोठा परिणाम या बेसचा झालाय, पण बेसवाल्याला फुटेज कोण देतं.

बेस आला म्हणून बेससाठी ॲम्प आला. १९५२ चा बासमन. आधी त्यात एक १५ इंची स्पीकर होता, पुढे चार १० इंची आले. १९५९ पर्यंत त्याचं जे रूप तयार झालं ते गिटारच्या दुनियेत दंतकथा झालंय. गंमत म्हणजे बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच तो उचलला.

इथून गोष्ट लंडनला जाते.

लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. पोरं तिथे येऊन अमेरिकन ॲम्प मागायची, पण आयात केलेला फेंडर परवडायचा नाही. मार्शलने आपल्या माणसांना बासमनचंच सर्किट घेऊन ॲम्प बनवायला लावलं. १९६२ मध्ये पहिला मार्शल तयार झाला. सर्किट जवळजवळ तेच. पहिल्या टप्प्यातली ट्यूब जास्त ताकदीची, आणि मुख्य म्हणजे स्पीकर वेगळे. बासमनची पेटी मागून उघडी, आत १० इंची चार. मार्शलची पेटी मागून बंद, आत सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची चार.

एवढ्या फरकावर एक अमेरिकन कंट्रीवाल्यांचा ॲम्प राहिला आणि दुसरा ब्रिटिश रॉकचा आवाज झाला.

मॉडेलरवर बसलेल्या प्रत्येकाने हे करून बघावं. बासमनचा ॲम्प ठेवा आणि फक्त कॅब बदलून बंद पेटीचा चार बाय बारा लावा. बघा किती फरक पडतो. आपण ॲम्प बदलत बसतो आणि कॅबला हातच लावत नाही. गिटारचा स्पीकर साधारण पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर येऊ देत नाही. तोच ती माशीची घुणघुण गाळतो. हेडफोनवर कॅब सिम्युलेशन बंद असेल तर गाळणीच नाही, मग घुणघुण येणारच. उलट मॉडेलर खऱ्या गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जोडला असेल आणि कॅब चालूच ठेवला, तर दोन गाळण्या लागतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो.

बासमनबद्दल अजून एक. त्याचे बेस, मिडल, ट्रेबल हे तीन नॉब एकमेकांत गुंतलेले आहेत. एक हलवला की बाकीच्यांचं काम बदलतं. तिन्ही मधोमध ठेवले म्हणजे आवाज सपाट, असं नाही, तेव्हाही मधला भाग खाली गेलेला असतो. चांगले मॉडेलर हा गुंताही जसाच्या तसा उतरवतात. त्यामुळे नेटवर दिसलेले आकडे डोळे झाकून लावू नका, कानाने फिरवा. मिडल वाढवायला लाजू नका. एकट्याने ऐकताना मिडल नको वाटतो, पण बँडमध्ये गिटार ऐकू येते ती त्याच्याच जोरावर.

लिओ हे घरात बसून ठरवायचा नाही. तो नमुने क्लबमध्ये वाजवणाऱ्यांना देऊन टाकायचा आणि परत आले की काय तुटलं, काय खुपलं ते ऐकायचा. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात ही तक्रार बिल कार्सनसारख्या वादकांनी केली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरची कंबर आणि पाठ अशी घासलेली का आहे, याचं उत्तर ते आहे. सुंदर दिसावी म्हणून नव्हे, टोचू नये म्हणून. त्या कामात फ्रेडी टवारेस हा मूळचा हवाईचा वादक त्याच्यासोबत होता. लिओला वाजवता येत नव्हतं म्हणून त्याला आजूबाजूला वाजवणारे लागायचे, आणि मला वाटतं तोच त्याचा फायदा ठरला. स्वतः वादक असता तर त्याने स्वतःला आवडेल तसं बनवलं असतं.

स्ट्रॅटमध्ये तीन पिकअप आणि त्यासाठी तीन जागांचा स्विच. वादकांनी काय करावं? स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण दोन पिकअप एकत्र लागले की काचेसारखा किणकिणता आवाज यायचा. लिओने हे ठरवलेलंच नव्हतं. कंपनीने अधिकृतपणे पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये, लिओ गेल्यावर बारा वर्षांनी. कंपनीतून गेल्यावर म्हणतोय मी, ते पुढे येतंच.

१९५७ च्या शेवटी बडी हॉली अमेरिकेच्या टीव्हीवर स्ट्रॅट घेऊन उभा राहिला आणि पोरं वेडी झाली. तोपर्यंत लिओच्या आसपास वेगळीच पिढी जमायला लागली होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्या पोरांसाठी वाजवणारा डिक डेल हा त्यातला सगळ्यात दणकट. तो इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प जळायचे, स्पीकर फाटायचे. लिओ नवीन बनवून द्यायचा, डेल तो पण फोडायचा. शेवटी या भांडणातून शोमन नावाचा ॲम्प आला, त्यात जेबीएल कंपनीचा १५ इंची स्पीकर होता.

याच काळात रिव्हर्ब आला. हॅमंड ऑर्गन कंपनीची एक युक्ती होती. तारेच्या स्प्रिंगमधून सिग्नल पाठवायचा, स्प्रिंग थरथरते आणि मोठ्या हॉलमध्ये वाजवल्याचा भास होतो. लिओने १९६१ मध्ये त्याची वेगळी पेटी काढली आणि १९६३ पासून स्प्रिंग ॲम्पच्या आतच बसवली. ट्विन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब ही नावं तिथली.

या दोन भावंडांतला फरक मॉडेलरवर कामाला येतो. ट्विन ८५ वॉटचा, तो लवकर फाटतच नाही. त्यावर गेन वाढवून रॉक काढायला बसलात तर रात्र जाईल. डिलक्स २२ वॉटचा, तो मधोमध आल्यावर फाटायला लागतो. ओरिजनल डिलक्सला मिडलचा नॉबच नाही, डब्यावर असेल तर तो कंपनीने वरून दिलेला. आणि त्याच्या रिव्हर्बच्या चॅनलमध्ये कमी व्हॉल्यूमला ट्रेबल जास्त पुढे येईल असा एक छोटा कपॅसिटर आहे. आवाज टोचत असेल तर ट्रेबल कमी करण्याआधी व्हॉल्यूम वाढवून बघा, टोचणं आपोआप कमी होतं. हे कळल्यावर मी माझे निम्मे प्रीसेट डिलीट केले.

एवढं सगळं रंगात आलेलं असताना लिओने कंपनी विकली.

कारण तब्येत. कित्येक वर्षं त्याला सायनसचा चिवट संसर्ग होता, बराच होईना. पन्नाशीतला लिओ समजून चालला होता की आपण आता फार दिवस नाही. जानेवारी १९६५ मध्ये त्याने फेंडर कंपनी सीबीएसला विकली. तीच टीव्हीवाली सीबीएस. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. ६०० डॉलर उसने घेऊन सुरू झालेलं दुकान.

आणि मग डॉक्टर बदलला, अँटिबायोटिकचा मोठा डोस दिला आणि लिओ खडखडीत बरा झाला.

विचार करा. माणूस मरणार म्हणून आयुष्यभराचं काम विकतो आणि बरा होतो. करारानुसार दहा वर्षं स्पर्धेत उतरायचं नाही. काही वर्षं सल्लागार म्हणून ठेवलं, पण ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं. सीबीएसने खर्च वाचवायला गिटारींत बदल केले. दर्जा घसरतोय हे वादकांच्या लक्षात यायला लागलं आणि बाजारात एक नवीन शब्द रुजला, प्री-सीबीएस. १९६५ च्या आधीचा माल. आज मॉडेलर बनवणारे नक्कल करायला जे फेंडर शोधतात ते बहुतेक याच तारखेच्या अलीकडचे असतात.

१९६९ मध्ये वुडस्टॉकच्या स्टेजवर जिमी हेंड्रिक्सने पांढरी स्ट्रॅट मार्शलच्या भिंतीसमोर वाजवली. गिटार लिओची, ॲम्पचा पूर्वज लिओचा. त्या दिवशी लिओचा त्या कंपनीशी मालक म्हणून काहीही संबंध नव्हता.

बाकीचे लोक एवढ्या पैशांत काय करतात? बोट घेतात, फिरतात. बोट लिओनेही घेतली होती, त्याला आवड होती. पण कराराची मुदत संपत आली तसा तो जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन कंपनीत आधी गुपचूप पैसे घालून आणि १९७५ मध्ये अध्यक्ष म्हणून उतरला. १९७६ चा स्टिंगरे बेस तिथला. तिथे भागीदारांशी बिनसलं. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरने गेली. त्याच सुमाराला सत्तरीच्या लिओने जुना साथीदार जॉर्ज फुलर्टनला घेऊन तिसरी कंपनी काढली, जी अँड एल. जॉर्ज आणि लिओ. कारखान्याचा पत्ता फुलर्टन गावातला फेंडर अव्हेन्यू. रस्त्याला स्वतःचं नाव, पण गिटारीवर ते नाव लावायचा हक्क विकून बसलेला.

१९८५ मध्ये सीबीएसलाही कंटाळा आला आणि त्यांनी फेंडर तिथल्याच अधिकाऱ्यांच्या गटाला १ कोटी २५ लाख डॉलरला विकून टाकली. वीस वर्षं महागाई वाढूनही खरेदीपेक्षा कमी भावात, त्यात कारखाना पण नव्हता. तोपर्यंत लिओ पार्किन्सनने थरथरत्या हातांनी जी अँड एलमध्ये पिकअप बनवत होता. रोज कामावर यायचा. जुन्या डिझाइनपेक्षा नवं चांगलं आहे यावर तो ठाम होता, आणि जग मात्र त्याच्या १९५४ च्या गिटारीमागे धावत होतं. २० मार्च १९९१ ला तो कामावर होता. २१ मार्चला गेला. पुढच्या वर्षी त्याचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

तो गेला त्यानंतर दशकभरातच ॲम्पची नक्कल करणारे डिजिटल डबे बाजारात आले आणि पहिल्यापासून त्यांत फेंडरच्या नकला होत्या. नाव लावता येत नाही म्हणून यूएस, ट्वीड, ब्लॅक असे इशारे. २०१९ मध्ये खुद्द फेंडर कंपनीनेच टोन मास्टर नावाने डिजिटल ट्विन रिव्हर्ब काढला. बाहेरून हुबेहूब १९६० च्या दशकातला, आत एकही ट्यूब नाही, वजन जवळपास निम्मं. मागे एक स्विच आहे, ८५ वॉटचा ॲम्प १ वॉटपर्यंत खाली आणता येतो.

त्याच्या पुढच्या पट्टीवर व्हायब्रेटो असं लिहिलंय. तो खरं तर व्हायब्रेटो नाही. व्हायब्रेटोत सूर वर-खाली होतो, या ॲम्पमध्ये आवाज लहान-मोठा होतो, ज्याला ट्रेमोलो म्हणतात. आणि स्ट्रॅटच्या ज्या दांडीने सूर वर-खाली होतो, तिला लिओने ट्रेमोलो नाव दिलं होतं. साहेबांनी दोन्ही नावं उलटी लावून ठेवली होती, आणि डिजिटल पट्टीवरही ती तशीच ठेवलीयेत.